पेटीतले पिस्तूल : न झाडलेले शस्त्र पुरावा ठरते का?

१/ जुन्या नेमबाजी-पिस्तुलांच्या संग्राहकांत एक वाद कधीच मिटत नाही. मूळ पेटीत, एकही गोळी न झाडता राहिलेले पिस्तूल सर्वांत मोलाचे मानले जाते. बाजाराच्या दृष्टीने ते योग्यही असेल. इतिहासाच्या दृष्टीने मात्र असे पिस्तूल म्हणजे घडी न उलगडलेला कागद होय, असे माझे मत आहे. एका उदाहरणाच्या आधारे ते मांडत आहे. (थ्रेड)

२/ उदाहरण आहे स्मिथ अँड वेसनच्या ‘मॉडेल ५२’चे. हे पिस्तूल १९६१ मध्ये अमेरिकेत बाजारात आले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तयार होत राहिले. लढाई वा स्वसंरक्षण हा त्याचा हेतूच नव्हता. कागदी लक्ष्यावर गोळ्या एकाच जागी उमटाव्यात, एवढ्यासाठी ते घडवलेले होते.

३/ पार्श्वभूमी अशी. अमेरिकेतील ‘बुल्सआय’ स्पर्धेत नेमबाज एका हाताने नेम धरतो. पॉइंट २२, सेंटरफायर आणि पॉइंट ४५ असे तीन टप्पे, प्रत्येकी ९०० गुण, एकूण २७००. लष्करी पिस्तुलाचे भाग मुद्दाम सैल बसवलेले असत, म्हणून कुशल कारागीर ते घासून-जुळवून अचूक करीत. कोल्टने १९३३ मध्ये ‘नॅशनल मॅच’ आणून ही कारागिरी कारखान्यात नेली. मॉडेल ५२ त्याच परंपरेतले, सेंटरफायर टप्प्यासाठीचे.

४/ त्याचे काडतूस पॉइंट ३८ स्पेशल, म्हणजे मुळात रिव्हॉल्व्हरचे. त्यातही फक्त ‘वॉडकटर’ जातीचे. या गोळीचे तोंड सपाट असते आणि ती काडतुसाच्या कडेपर्यंत आत बसवलेली असते. ती कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते. गुण मोजताना वाद राहत नाही. बुडाशी कड असलेले हे काडतूस मॅगझिनमधून सुरळीत वर येणे कठीण. म्हणून मॅगझिन केवळ पाच काडतुसांचे.

५/ अचूकतेचे मर्म नळीच्या तोंडाशी आहे. तेथे नळी किंचित फुगीर असून स्लाइडच्या पुढच्या टोकाला आट्यांची कडी बसते. ही कडी पान्याने घट्ट करता येते. परिणामी प्रत्येक गोळीनंतर नळी पुन्हा नेमकी त्याच जागी येते.

६/ कंपनीचा दावा होता की ५० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४६ मीटरवर, पाच गोळ्या दोन इंचांच्या आत पडतील. त्या अंतरावरील प्रमाण लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ ३.३६ इंच व्यासाचे असते. याचा अर्थ, शस्त्राची चूक त्या वर्तुळात सहज मावते. गोळी बाहेर गेली तर दोष नेमबाजाचा. कारखान्याने विकली ती ही हमी.

७/ पण दावा म्हणजे पुरावा नव्हे. बखर वाचून थांबू नये, अस्सल कागद पाहावा, हे राजवाड्यांनी मराठी इतिहास-अभ्यासाला शिकवले. कारखान्याचे माहितीपत्रक ही एक प्रकारची बखरच. तिची शहानिशा रेंजवर होते. पिस्तूल पक्क्या यांत्रिक शिकंज्यात बसवून गोळ्या झाडल्या की माणसाचा हात हिशेबातून वगळला जातो आणि शस्त्र स्वतःची साक्ष देते.

८/ ही साक्षही तपासूनच घ्यावी. काडतूस आजचे असते आणि स्प्रिंग कदाचित साठ वर्षे दबलेली. गोळ्या तीन इंचांत विखुरल्या म्हणून दावा खोटा ठरत नाही. एका वेळी एकच घटक बदलावा. अंतर, काडतुसाचा प्रकार, झाडलेल्या गोळ्यांची संख्या यांची नोंद ठेवावी. वाईट निकालाचे कागदही जपावेत. पाच गोळ्यांचा एकच सुंदर पुंजका हा निष्कर्ष नसून योगायोगही असू शकतो.

९/ आक्षेप रास्त आहे : प्रत्येक गोळीने वस्तू झिजते, म्हणजे पुरावाच पुसला जातो. मात्र येथे गोळी मऊ शिशाची, वेगही सेकंदाला जेमतेम २१५ मीटर. नळीची झीज अत्यंत मंद. शिवाय तीन दशके तयार झालेल्या पिस्तुलाची चाचणी घेणे आणि दुर्मीळ नमुन्याची घेणे यांत फरक करायला हवा.

१०/ ‘५२-ए’ हा तसा नमुना. अमेरिकी लष्कराच्या नेमबाजी पथकासाठी, ‘पॉइंट ३८ एएमयू’ या वेगळ्या काडतुसाचा. त्याची संख्या शंभरही नव्हती. तेथे मोजमापे आणि छायाचित्रे पुरेत. चापाला हात लावू नये. थोडक्यात, विपुल असेल ते झाडून पाहावे, विरळ असेल ते राखावे.

११/ आपल्याकडे हा संग्रह बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रांची मुभा आहे. प्रश्न मात्र आपलाही आहे. जुने घड्याळ, सतार, छपाईयंत्र काचेआड ठेवले की त्यांचा आकार टिकतो, पण ते काम कसे करीत याचे ज्ञान विरून जाते.

१२/ म्हणून पुढच्या वेळी संग्रहालयात एखाद्या वस्तूपुढे उभे राहाल तेव्हा ती किती जुनी, एवढेच विचारू नका. ती शेवटची केव्हा चालवली आणि त्याची नोंद कोठे आहे, हेही विचारा. बहुधा उत्तर मिळणार नाही. अभ्यासाचा विषय मात्र मिळेल.