सड्यावर एटीव्ही पळवायच्या आधी पाच प्रश्न विचारा

मे महिना लागला की पुण्या-मुंबईचे ओळखीपाळखीचे लोक मला फोन करतात. पूर्वी विचारायचे स्ट्रॉबेरी कुठं स्वस्त, हॉटेल कुठलं बरं. आता नवीन प्रश्न आलाय : "भाऊ, तिकडं डोंगरात एटीव्ही राईड कुठं चांगली मिळते? पोरांना घेऊन येतोय."

विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. जाड टायरची, हँडलवर चालणारी ती चारचाकी बघितली की मोठ्या माणसालाही मोह होतो. लोणावळा, मुळशी, इगतपुरी, महाबळेश्वरचा रस्ता, कुठंही जा, बोर्ड दिसतोच. आणि त्यावर गावातल्या पोरांचं घर चालतं, हेही खरं. स्ट्रॉबेरी आटोपलेली, पाऊस लांब, अशा मोकळ्या दिवसांत हातात रोजचा पैसा येतो. त्यामुळं "हे सगळं बंद करा" असं मी म्हणणार नाही. पण कुठं चालवायची आणि कशी चालवायची, यावर कोणीच बोलत नाही. म्हणून ही पोस्ट.

आधी माणसाचा जीव.

एटीव्ही म्हणजे खेळणं नव्हे. मोठ्या माणसासाठीची मशीन दोन-तीनशे किलोची असते. उतारावर वळताना ती उलटली तर माणूस खाली सापडतो. मशीनवरच कंपनीनं स्टिकर लावलेलं असतं, ते वाचा. १६ वर्षांखालच्यानं चालवू नये, एकट्याच्या मशीनवर मागं कोणाला बसवू नये, हेल्मेट घालावं, डांबरी रस्त्यावर नेऊ नये. आणि आपल्याकडं दिसतं काय? बाप चालवतोय, पुढं चार वर्षांचं पोरगं, मागं आई मोबाईलवर शूटिंग करतेय. डोक्याला टोपी, तीही उन्हाची.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. असा उपक्रम चालवणाऱ्यानं पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी, सुरक्षेचे नियम पाळावेत, असं त्यात आहे. कागद चांगला आहे. पण रस्त्याकडेच्या किती जागांवर नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं तुम्ही पाहिलंय? बहुतेक गाड्यांना आरटीओचा नंबर नाही. मग विम्याचं काय, हा प्रश्न आलाच. पर्यटकाकडून "स्वतःच्या जबाबदारीवर" अशी सही घेतली की मालकाला वाटतं आपण सुटलो. उद्या काही झालं तर पोलीस ठाण्यात उभा कोण राहणार? रोजंदारीवरचं आमच्या गावचं पोरगं. मालक शहरात, गाड्या त्याच्या, नफा त्याचा. निस्तरायचं मात्र पोराच्या बापानं.

आता दुसरी गोष्ट, जी पर्यटकाला दिसत नाही.

सातारा-कोल्हापूरपासून खाली कोकणापर्यंत जांभ्या दगडाचे सडे आहेत. उन्हाळ्यात सडा म्हणजे काळा पडलेला खडक आणि वाळकं गवत. सातबाऱ्यावर अनेक ठिकाणी त्याची नोंद पोटखराबा. साहजिकच कोणालाही वाटतं, इथं आहेच काय, पळवा गाडी!

आहे, भरपूर आहे. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते पावसाळ्यातल्या फुलांमुळं. ती फुलं मे महिन्यात कुठं असतात? तिथंच असतात. बी, कंद, गड्डे बनून त्या बोटभर मातीत पडून राहतात. साताऱ्याचं नाव घेऊन जगभर ओळखला जाणारा सातारी तुरा कंदातूनच वर येतो. ती बोटभर माती टायरनं उखडली की पहिल्याच वळवात वाहून जाते. खडकावर तेवढी माती साठायला किती पिढ्या लागतात, ते म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर एक सरडा आहे. नर गळ्याची निळी पंख्यासारखी पिशवी फुलवून मादीला बोलावतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नवीन जात म्हणून नाव दिलं, 'सरडा सुपर्बा'. म्हणजे आपला मराठी शब्द थेट शास्त्रीय नावात गेला. त्याचा विणीचा काळ नेमका हाच, उन्हाळ्याचा. टिटवीसुद्धा याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालते. अंडी खड्यांसारखी, दोन पावलांवरून दिसत नाहीत. एटीव्हीवरून कुठली दिसणार?

आणि वणवा! वाळक्या गवतात तापलेला सायलेन्सर टेकला की पेट घ्यायला वेळ लागत नाही. डोंगर पेटला की विझवायला रिसॉर्टवाला येत नाही, गावच्या बायाबापड्या ओल्या फांद्या घेऊन धावतात.

मग करायचं काय? माझं म्हणणं सोपं आहे. एटीव्ही डोंगरपायथ्याच्या मालकीच्या शेतात, आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर चालवा. कडेला टायर रचा, गवत काढून टाका, पाणी मारा. सड्यावर आणि वनखात्याच्या जमिनीवर अजिबात नको. यानं कोणाचा रोजगार जात नाही. उलट ट्रॅक गावात आला तर गावातली चार पोरं स्वतःच मालक होतील.

तुम्ही येणार असाल तर पैसे द्यायच्या आधी एवढं विचारा :

१. पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का? दाखवा.
२. हेल्मेट माझ्या मापाचं आहे का?
३. पोरांसाठी वेगळी लहान मशीन आहे का? नसेल तर पोरं बघायला उभी राहतील.
४. राईड आखलेल्या ट्रॅकवर आहे की सड्यावर?
५. अपघात झाला तर विमा कोणाचा आणि जवळचा दवाखाना किती लांब?

पाचांपैकी एकाचंही उत्तर "काय नाय होत साहेब" असं आलं, तर गाडी वळवा.

आणि सरपंच, तहसीलदार साहेब, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे. हाच हंगाम आहे, आत्ताच एक फेरी मारा. अपघातानंतर पंचनामा करायला येण्यापेक्षा आधी प्रमाणपत्र बघायला आलेलं बरं.

तुमच्या भागात एटीव्ही सड्यावर चालते का, कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. पटलं तर पुढं पाठवा, निदान यंदा मे महिन्यात डोंगरात येणाऱ्यांपर्यंत तरी पोहोचू द्या.