सटवाईचा लेख आणि यकृताचा जमाखर्च

मूल जन्मल्यानंतर पाचव्या, काही घराण्यांत सहाव्या रात्री, पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवण्याची, आणि घरातली माणसे निजल्यावर सटवाई येऊन त्या बालकाच्या कपाळी त्याचा भाग्यलेख लिहून जाते असे मानण्याची रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणि हा लेख एकदा उमटला की त्यात खाडाखोड करण्याची मुखत्यारी कोणासही नाही, ही समजूत आपल्या भाषेत इतकी मुरली आहे की, एखाद्याच्या मागे दैन्य वा दुखणे कायमचे लागले म्हणजे ते त्याच्या पाचवीलाच पुजलेले आहे, असे आपण आजही सहज म्हणून जातो. दारूच्या बाबतीत तर या समजुतीचा आधार फारच घेतला जातो. एक म्हातारा चाळीस वर्षे नित्यनेमाने पितो आणि भरल्या वयात अंथरुणावर शांतपणे डोळे मिटतो, त्याच आळीतला दुसरा मात्र चाळिशी गाठण्यापूर्वीच डोळे पिवळे होऊन, पोटात पाणी भरून आणि रक्ताच्या उलट्या होऊन संपतो. अशी जोडी बहुतेक गावांत दाखवता येते, आणि ती दाखवून झाली की 'ज्याचे त्याचे नशीब' या तीन शब्दांत प्रकरण दाखल-दप्तर होते.

या नशिबाचा काही भाग आता शास्त्राने वाचून काढला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अतिमद्यपान करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या यकृतात चरबी साचते. परंतु यकृत निबर होऊन आक्रसण्याची, म्हणजे सिऱ्हॉसिसची, अवस्था त्यांतल्या शंभरांपैकी साधारण दहा ते वीस जणांनाच गाठते. २००८ साली अमेरिकेतील डॅलस येथील संशोधकांना पीएनपीएलए-३ या जनुकातील एका अक्षराचा फेर यकृतातील चरबीशी निगडित असल्याचे आढळले. दोनच वर्षांत तोच फेर मद्यजन्य यकृतरोगाशीही जोडला गेला. आणि २०१८ मध्ये याच्या उलट, यकृताला काहीसे संरक्षण देणारा फेर दुसऱ्या एका जनुकात सापडला. गावातल्या त्या दोघांच्या पेल्यांत दारू सारखीच असली, तरी ती ज्या यकृतांत पोहोचत होती ती सारखी नव्हती.

पण यकृताचा खटला दारू आणि चरबी या दोघांतच मिटत नाही. त्यात विषाणू हा तिसरा पक्षकार असतो, आणि त्याला तोंड देण्याची प्रत्येकाची शक्तीही वारसाहक्काने आलेली असते. एचएलए या नावाने ओळखला जाणारा जनुकसमूह विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर पुराव्यासारखे मांडून दाखवण्याचे काम करतो, तेव्हाच रोगप्रतिकारक पेशींना शत्रूची ओळख पटते. या जनुकांचे हजारो प्रकार मानवजातीत विखुरलेले असल्यामुळे एकाचा पुरावा ठसठशीत असतो, तर दुसऱ्याचा संदिग्ध. यांतला एक प्रकार ज्यांच्या अंगी आहे त्यांचे शरीर हिपॅटायटिस-बीच्या विषाणूला अधिक वेळा हुसकावून लावते, असे पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशात १९९५ साली दिसून आले. आणि २००९ मध्ये जपानी संशोधकांना याच समूहातील काही फेर तो विषाणू शरीरात ठाण मांडून बसण्याशी निगडित आढळले. हा जनुकसमूह सहाव्या गुणसूत्रावर वसलेला आहे, आणि सटवाईचे नावही षष्ठीवरूनच आलेले आहे. योगायोगाला अर्थ नसतो हे ठाऊक असूनही येथे क्षणभर थबकल्यावाचून राहवत नाही.

तथापि या लेखाचे सामर्थ्य किती, याचा निवाडा व्हायचा असेल, तर हिपॅटायटिस-सीच्या अलीकडच्या इतिहासाइतका बोलका दाखला दुसरा मिळणार नाही. त्या रोगावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर टोचून घ्यावी लागत. ताप, अंगदुखी आणि खिन्नता सोसूनही कित्येकांच्या पदरी निराशाच येई. २००९ साली एकोणिसाव्या गुणसूत्रावरील आयएल-२८बी या जनुकाजवळचा एक फेर उजेडात आला, आणि तो अनुकूल असलेल्या रुग्णांना या उपचाराचा गुण सुमारे दुप्पट येतो, इतकेच नव्हे तर त्यांपैकी अनेकांचा विषाणू औषधावाचूनही निघून जातो, असे आढळल्यावर उपचारापूर्वी त्या जनुकाची तपासणी करण्याचा प्रघात पडला. पुढे चार-पाच वर्षांतच विषाणूवर थेट घाव घालणाऱ्या गोळ्या आल्या, आठ ते बारा आठवड्यांत शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होऊ लागले, आणि तो फेर अनुकूल आहे की प्रतिकूल हे विचारण्याचे वैद्यांना फारसे कारणच उरले नाही. सटवाईचा लेख होता तसाच राहिला; थांबली ती त्याची अंमलबजावणी.

दारू मात्र नेमके याच्या उलट काम करते: जे कपाळी लिहिलेलेच नव्हते, तेही ती लिहून ठेवते. आतड्यांतून निघालेले जवळजवळ सारे रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी यकृताच्या नाक्यावरून जाते, आणि तेथे तैनात असलेल्या कुप्फर पेशी त्यातील जंतू आणि विषारी द्रव्ये अडवतात. मद्याच्या नित्य माऱ्याने आतड्यांचे अस्तर सैल पडते, नको तो माल एकसारखा नाक्यावर येऊन थडकतो, पहारेकरी अष्टौप्रहर आरडाओरडा करीत राहतात आणि अखेर थकतात. म्हणून अशा रुग्णाचे यकृत एकीकडे दाहाने पेटलेले असते, आणि दुसरीकडे खऱ्या शत्रूपुढे त्याचे शरीर हतबल असते. हिपॅटायटिस-बीची लससुद्धा अशा माणसात पुरेशी प्रतिपिंडे निर्माण करील याची खात्री नसते. कोरोनाच्या साथीत २९ देशांतील ७४५ यकृतरुग्णांच्या नोंदींचे जे विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात मद्यजन्य यकृतरोग हा मृत्यूच्या जोखमीशी स्वतंत्रपणे निगडित असल्याचे आढळले.

आपल्या देशात यकृताच्या या शत्रूंच्या यादीत पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस-ईचीही भर घालावी लागते. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात मैला मिसळून दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या साथीतील जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासले गेले, आणि ती कावीळ ए आणि बी या दोन्ही परिचित विषाणूंची नव्हती, हे १९८० साली ज्या संशोधनातून स्पष्ट झाले त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा वाटा होता. धडधाकट माणूस हिपॅटायटिस-ईच्या काविळीतून बहुधा काही आठवड्यांत उठतो. परंतु दारूने आधीच निबर झालेल्या यकृतावर तिने घाला घातला, तर ते यकृत काही दिवसांतच कोलमडू शकते. अशा वेळी काविळीची माळ घालून ती लांबण्याची वाट पाहत बसणे म्हणजे हाती असलेले मोलाचे दिवस घालवणे होय.

येथे प्रश्न वैद्यकातून निघून राज्यकारभारात शिरतो. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली महाराष्ट्रात मद्यप्राशनासाठी आजही परवाना लागतो. म्हणजे पिणारा माणूस कागदोपत्री सरकारच्या ओळखीचा असतो. एका खात्याच्या वहीत तो महसुलाच्या बाजूला मांडलेला असतो. आरोग्य खात्याच्या वहीत मात्र त्याचे नाव बहुधा तो रुग्णालयाच्या दारात आडवा होऊन येतो तेव्हाच चढते. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व औषधे मोफत पुरवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून चालू आहे, हे खरेच मोठे काम आहे. पण बीची लस लहान मुलांच्या नित्य लसीकरणात देशभर दाखल झाली ती २०११ साली, आणि दारूने यकृत गमावून बसणारी आजची पिढी त्यापूर्वीच जन्मलेली आहे. आमची तजवीज साधी आहे: प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्रात, आणि दारूच्या तक्रारीने येणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी सरकारी दवाखान्यात, बी आणि सीची रक्ततपासणी विनाविलंब व्हावी, ज्याला बीचा संसर्ग नाही त्याला यकृत खचण्यापूर्वीच लस टोचावी आणि ती लागू पडली की नाही हे पुन्हा पाहावे, आणि पावसाळ्यात उकळलेले पाणी पिण्याचा हुकूम औषधाच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत असावा.

जो आपल्या हाताने यकृत जाळतो त्याच्यासाठी सरकारी तिजोरी का उघडावी, असा आक्षेप यावर हमखास घेतला जाईल. पण त्याच्या पेल्यावरचा कर त्या तिजोरीने आधीच बिनतक्रार जमा करून घेतला आहे; शिवाय रक्तातील विषाणू दारुड्या आणि निर्व्यसनी असा भेद करीत नाही, आणि एकाच्या अंगात राहिलेला संसर्ग त्याच्या बायकोपर्यंत पोहोचण्यास वाव ठेवतो. आक्षेपाचा दुसरा अवतार अधिक सुसंस्कृत आहे: जनुकांची चाचणी करून घ्यावी, ती अनुकूल निघाली तर निर्धास्त प्यावे. हे सटवाईच्या लेखाचे केवळ नवे मुद्रण झाले. पिण्यास हरकत नाही अशी सनद देणारे जनुक कोणालाही सापडलेले नाही. आणि ज्यांचे फेर प्रतिकूल आहेत त्यांनाही पेला सोडण्याचा मार्ग तितकाच मोकळा आहे.

या जमाखर्चात जनुके ही आरंभीची शिल्लक आहे; ती आपण मांडलेली नाही आणि खोडूही शकत नाही. पुढची प्रत्येक नोंद मात्र कोणाच्या ना कोणाच्या हाताने होते, मग तो हात पिणाऱ्याचा असो, वैद्याचा असो, की पाण्याच्या टाकीवर नेमलेल्या कामगाराचा. हिपॅटायटिस-बीच्या लसीचा पहिला डोस आज सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या बालकाला चोवीस तासांच्या आत टोचला जातो. सटवाई पाचव्या रात्री येते. परिचारिका पहिल्याच दिवशी येऊन गेलेली असते.