पडद्यावरील केशवाहिन्या आणि खात्याची तजवीज

सुईही न टोचता मनुष्याच्या जिवंत रक्तवाहिन्या पाहावयाच्या असतील, तर डोळ्याच्या मागील पडद्याइतकी सोयीची जागा शरीरात दुसरी नाही. आणि १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आपले नेत्रदर्शक प्रसिद्ध केल्यापासून वैद्य त्या जागेचा लाभ घेत आले आहेत. मधुमेह वर्षानुवर्षे अंगात मुरला म्हणजे तेथील केशवाहिन्यांच्या भिंती दुर्बल होतात, त्यांवर सूक्ष्म फुगवटे येतात, रक्त व द्रव पाझरू लागतो, काही वाहिन्या बुजतात, आणि त्यांची उणीव भरून काढण्यास ज्या नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात त्या फुटून अखेर दृष्टीचा घात करतात; या साऱ्या उत्पाताची रोग्याला मात्र बहुधा खबरही नसते. वेळीच लेझरचे उपचार झाले तर हे अंधत्व पुष्कळ अंशी टळते. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे ज्या देशात मधुमेही १० कोटींवर आहेत, तेथे प्रत्येकाचा पडदा दरसाल नेत्रतज्ज्ञाने तपासावा ही अपेक्षा कागदावरच राहणार हे उघड आहे.

गणकयंत्राचे साहाय्य घेण्याची कल्पना येथूनच उद्भवली. आरंभीच्या संशोधकांचा मार्ग सरळ होता: रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेते, सबब छायाचित्राचा हिरवा अंश निराळा काढला की वाहिन्या काळसर रेषांसारख्या उठून दिसतात, आणि मग त्यांची रुंदी, वळणे व फाटे मोजता येतात. नेदरलँड्समध्ये २००४ साली सिद्ध झालेल्या, माणसांनी हाताने रेखून दिलेल्या अवघ्या ४० चित्रांच्या संग्रहावर कित्येक वर्षे जगभरच्या अभ्यासकांनी आपल्या पद्धती पारखल्या. पुढे २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी हा मार्गच सोडला. त्यांनी १,२८,१७५ छायाचित्रे ५४ डॉक्टरांकडून वारंवार तपासून घेतली, आणि फुगवटा कोठे आहे हे यंत्राला न सांगता रोगाची पायरी तेवढी सांगितली. बाकीचे यंत्र आपले आपण शिकले. त्या चित्रांत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचीही चित्रे होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी उच्चारीत नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशाच जातीच्या एका यंत्रास, डॉक्टराच्या रुजुवातीवाचून निर्णय देण्याची परवानगी दिली. यंत्राला दिसते की नाही, हा वाद माझ्या मते तेथेच बहुतांशी मिटला.

खरा प्रश्न दवाखान्याच्या खोलीत सुरू होतो. गूगलचे हेच यंत्र थायलंडमधील ११ चिकित्सालयांत नेले, तेव्हा पहिल्या काही महिन्यांतील पाचव्या हिश्शाहून अधिक छायाचित्रे त्याने अपुरी म्हणून नाकारली. कारणे अगदी मामुली होती. अनेक ठिकाणी खोलीत पुरेसा अंधार नव्हता, आणि इंटरनेटच्या जाळ्याची गती मंद असल्याने चित्र पाठविण्यातच वेळ जाई. चित्र नाकारले की नियमाप्रमाणे रोग्याला दूरच्या रुग्णालयाची चिठ्ठी द्यावयाची. त्या दिवसाची मजुरी बुडवून, भाडे खर्चून त्याने जावे कसे, हे ओळखणाऱ्या काही परिचारिका मग या तपासणीत भाग घेण्याचा आग्रहच धरीनाशा झाल्या. त्यांच्या व्यवहारज्ञानापुढे मला तरी यंत्राची हुशारी फिकी वाटते.

याच्या उलट, मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत झालेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. तेथे नेत्रतज्ज्ञ नव्हे, तर शिकविलेले आरोग्यसेवक भ्रमणध्वनीला जोडलेल्या कॅमेऱ्याने चित्र घेत, आणि निर्णय त्याच भ्रमणध्वनीत, जाळ्यावाचून, तत्काळ मिळे. रोग्यांची संख्या अल्प, दोनशेंच्या थोडी वर, तेव्हा त्यावरून फार मोठे अनुमान काढू नये; तथापि जेथे मनुष्य मधुमेहाच्या गोळ्या न्यावयास येतोच, तेथेच त्याचा पडदा पाहावा, ही योजना सर्वस्वी योग्य आहे.

उद्या आरोग्य खात्याकडून जिल्ह्याजिल्ह्यात अशी यंत्रे घेण्याची तजवीज होईल, आणि शिरस्त्याप्रमाणे अहवालात 'तपासलेले रुग्ण' हा एकच आकडा ठळक छापला जाईल. माझी हरकत त्या आकड्याला आहे. जे चित्र यंत्राने नाकारले त्याचा रोगी तपासलेला धरू नये. बाहुली मोठी करणारे थेंब घालून त्याच दिवशी दुसरे चित्र घ्यावे, आणि तेही बिघडले तरच चिठ्ठी द्यावी. चिठ्ठी दिलेल्यांपैकी किती जण लेझरपर्यंत पोचले, याचा रकाना नोंदवहीत प्रथमपासून असावा, आणि पुरवठादाराच्या बिलाचा काही हिस्सा त्या रकान्यावर अवलंबून ठेवावा. पुरवठादार कुरकुर करतील, रोग्याला रुग्णालयात नेणे हे आमचे काम नव्हे असेही म्हणतील. त्यांचे म्हणणे गैर नाही, म्हणून वेगळा निधी खात्याने आपल्या अंदाजपत्रकात रोग्यांच्या प्रवासखर्चाकरिता आणि जिल्हा रुग्णालयातील लेझर चालविणाऱ्या डॉक्टराच्या पदाकरिता राखून ठेवावा, आणि ते पद भरल्याखेरीज यंत्रांच्या खरेदीस मंजुरी देऊ नये.