विठ्ठलमंदिर आणि विधानांचा विरोध
'सर्व ब्राह्मणेतर भक्तांना पंढरीचे मंदिर खुले होते' आणि 'एकाही ब्राह्मणेतर भक्तास ते खुले नव्हते' अशा धर्तीची विधाने संतसाहित्याच्या समीक्षेत एकमेकांचे खंडन म्हणून योजिली जातात. वस्तुतः ती केवळ विपरीत होत. दोन्ही एकदम सत्य नसतात, परंतु दोन्ही असत्य असू शकतात. येथे ती तशीच आहेत. नामदेव शिंप्यांना प्रवेश होता, चोखोबांना नव्हता. त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच. पहिल्या विधानाचा व्याघात 'काहींना नव्हते' एवढ्यानेच होतो. चोखोबांवरून थेट 'एकाही' गाठणारा समीक्षक नामदेवांना विसरतो. अर्थात, हे 'काही' क्षुल्लक नव्हेत. त्यांच्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरातच उपोषण करावे लागले.