दिसणं आणि बघणं

उज्जैनला रेल्वेरुळांच्या ज्या बाजूला महाकाळ नाही, त्या बाजूला आमची काकू राहते. पत्त्यात लिहायचं माधव नगर, रिक्षावाल्याला सांगायचं फ्रीगंज. शिंद्यांच्या माधवरावांचं नाव पोलीस ठाण्याच्या पाटीवर आहे, लोकांच्या तोंडी मात्र फ्रीगंजच.

गेल्या दिवाळीत टॉवर चौकाजवळच्या दुकानातून काकूला नवा फोन घेऊन दिला. जुना बादलीत पडला होता. दुकानदार म्हणाला, नवं सिम चालू व्हायला उद्या दुपार होईल. माझी गाडी त्याच संध्याकाळची. सिम नाही म्हणजे ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणजे काकूच्या नावाचं खातं नाही. मी माझंच गूगल खातं त्या फोनात घातलं, पडद्यावर येईल त्या प्रश्नाला 'हो' म्हणत गेले आणि पुण्याला निघून आले.

जानेवारीत मला निरोप आला, फुकटातली १५ जीबी जागा भरली. मी फोटो काढते तरी किती, म्हणून गूगलचं कधी न उघडलेलं फोटोंचं ॲप उघडलं. पहिलाच फोटो एका अंगठ्याचा. त्यामागे अंधूक दिसणारी गच्ची आणि वाळत घातलेल्या कुरडया. ही गच्ची मला ओळखीची होती.

मग एकेक यायला लागले. दुधाच्या हिशेबाच्या खुणा केलेलं कॅलेंडर. गॅसच्या नळीवरची तारीख. गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू, तीन वेळा, कारण दोनदा हललेली. पासबुकाचं शेवटचं पान. सुजलेला घोटा. 'पडले' हे काकू मला कधी म्हणाली नव्हती. आपण ज्याला फोटो म्हणतो ते काकूच्या फोनात नव्हतंच. ती तिची वही होती. डोळ्यांनी वाचता येत नाही ते मोठं करून बघायला, विसरू नये ते टिपून ठेवायला.

इथेच मी थांबायला हवं होतं. मी वीस मिनिटं बघत राहिले. काळजीपोटी, असं स्वतःला सांगत. मग एक फोटो आला आणि मी फोन उलटा ठेवला. तो कसला होता ते लिहिणार नाही. त्यात वावगं काही नव्हतं. फक्त तो दुसऱ्या कुणासाठी काढलेला नव्हता.

रात्री काकूला फोन केला. आधी घोट्याचं विचारलं, मग घाबरत घाबरत सगळं सांगितलं. ती हसली. "अगं, मला काय माहीत नाही? तुझे फोटो मला रोज दिसतात की!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एका खात्याला दोन फोन जोडले की रस्ता दोन्ही बाजूंनी उघडा राहतो. माझ्या खिडकीतलं मांजर, भाड्याच्या घराचा करारनामा, ऑफिसातला वाढदिवस, सगळं काकूच्या फोनात जात होतं. आणि डिसेंबरातला एका तपासणीचा कागदही, जो मी घरात कुणालाच दाखवला नव्हता. पुढे सगळं ठीक निघालं, पण ते तीन आठवडे बरे नव्हते. त्याच तीन आठवड्यांत काकू रोज संध्याकाळी फोन करायची, एरवी पंधरा दिवसांतून एकदा करणारी. एकदा तर तिने गुळपोळीच्या सारणाचं प्रमाण विचारलं. मला गुळपोळी शिकवली तिने.

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगितलं नाहीस म्हणून. दिसलं ते दिसलं. बघितलं नाही मी. मला वाटलं, मला करमावं म्हणून तूच लावून दिलंयस."

आधी अंगावर काटा आला, डोळे नंतर भरले. या क्रमाचा मी अजून विचार करते. इतक्या मायेच्या माणसाने बघितलं तरी पहिला आला तो काटाच. आणि चूक तिची नव्हती. ती समजत होती की तिला परवानगी आहे. परवानगी कुणीच कुणाला दिलेली नाही हे कळल्यावरही वीस मिनिटं बघत बसलेली मी होते.

आमच्या घरी काळ्या पानांचा अल्बम होता, दोन पानांमध्ये पातळ कागद असलेला. पाहुणे आले की आजी तो कपाटातून काढायची, पण मांडी तिची आणि पान उलटणारा हातही तिचाच. एका पानाशी ती नेहमी दोन पानं एकदम उलटायची. पाहुण्यांच्या लक्षात यायचं, कुणी विचारायचं नाही. दुसऱ्याच्या फोनातले फोटो दुरून बघताना पान उलटणारा हातच नाहीसा होतो. शिवाय अल्बम चोरीला गेला तर कपाटातली जागा रिकामी दिसते. इथे काहीच हलत नाही. ज्याचं बघितलं जातं त्याला कळायला वाटच नसते.

यासाठी कुणी अट्टल हॅकर लागतो असा आपला समज आहे. २०१४ मध्ये हॉलिवूडच्या अभिनेत्रींचे खासगी फोटो बाहेर आले, तेव्हाही तिजोरी फुटल्याची ओरड झाली. पुढे खटल्यांत निघालं ते साधंच होतं. खातं सांभाळणाऱ्या कंपनीच्या नावाने फसवे ईमेल पाठवले गेले होते आणि पासवर्ड त्या अभिनेत्रींनी स्वतःच भरून दिले होते. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कबद्दल बँकांना सावध केलं, तिथेही तेच. ॲप मुळात दुरून मदत करण्यासाठीचं. समोरच्याने फोनवर गोड बोलून त्यातला नऊ आकडी क्रमांक मागायचा आणि आपण तो वाचून दाखवायचा. घरातल्या घरात तर एवढंही लागत नाही. नवऱ्याने लावून दिलेलं खातं, मुलाला ठाऊक असलेला पासवर्ड, कधीतरी कुणाच्या लॅपटॉपला जोडलेलं व्हॉट्सॲप. किल्ली बहुतेक वेळा आपणच दिलेली असते आणि परत मागायची राहिलेली असते.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमानुसार मालकाच्या परवानगीवाचून, अप्रामाणिक हेतूने त्याच्या यंत्रात शिरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण घराचा उंबरठा आला की चित्र धूसर होतं. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा स्वतःच सांगतो की एखाद्याने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे कंपनीला काकूची संमती घ्यावी लागेल, पुतणीला नाही.

आणि हे प्रकरण तर आमच्याच मध्य प्रदेशातलं. एका नवऱ्याने बायकोच्या फोनात असं ॲप घातलं की तिचे व्हॉट्सॲप संवाद आपोआप त्याच्या फोनवर येऊ लागले. घटस्फोटाच्या खटल्यात त्याने ते पुरावा म्हणून पुढे केले. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने म्हटलं, कुटुंब न्यायालय असा पुरावा विचारात घेऊ शकतं, कारण खासगीपणाचा हक्क निरपवाद नाही आणि न्याय्य सुनावणीचा हक्कही तितकाच मोलाचा. मात्र तो मिळवताना गैर मार्ग वापरला असेल, तर मिळवणाऱ्यावरची जबाबदारी त्यामुळे टळत नाही, हेही सांगितलं. पुढच्याच महिन्यात, १४ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने पतिपत्नींमधल्या गुपचूप ध्वनिमुद्रित संभाषणाबाबत तोच कल दाखवला. नात्यात एकाने दुसऱ्यावर पाळत ठेवायची वेळ आली, तर ते नातं आधीच मोडलेलं असतं, असा त्यामागचा विचार.

मोडलेल्या नात्यांचं न्यायालय बघेल. मला काळजी आहे ती न मोडलेल्या नात्यांची. 'आमच्यात काही लपवालपवी नाही' असं अभिमानाने म्हणणाऱ्या घरांची. लपवणं आणि न दाखवणं यांत फरक आहे. काकूने घोटा लपवला नव्हता, मी तपासणीचा कागद लपवला नव्हता. सांगायची वेळ आम्ही आपापल्या हातात ठेवली होती, एवढंच.

संक्रांतीनंतर मी पुन्हा उज्जैनला गेले. काकूच्या नंबरावर तिचं खातं उघडलं, तिचे फोटो तिकडे नेले, मग त्या फोनातून माझं खातं काढलं. माझ्या खात्याला कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत ती यादी काढली, तर तिच्यात तीन वर्षांपूर्वी विकलेला एक टॅबही निघाला. पासवर्ड ठेवताना काकू म्हणाली, "तिकडे बघ." मी भिंतीकडे बघत उभी राहिले. मागून तिने तो एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केला.

दुसऱ्या दिवशी महाकाळला गेलो. डिसेंबर २०२२ मध्ये मंदिर समितीने मोबाइल आत न्यायला बंदी केली होती. काकूला ते फार पटलं होतं. "फोटोच्या नादात लोक देवाकडे बघायचेच नाहीत," ती म्हणाली.

हा लेख छापायला देण्याआधी तिला फोनवर वाचून दाखवला. तिने दोन वाक्यं काढायला लावली. पासबुकाचं राहू दे म्हणाली, त्यात आहे काय लपवण्यासारखं. घोट्यापाशी थोडी अडली, मग तोही राहू दे म्हणाली. अंगठ्याच्या फोटोला मात्र तिची हरकत होती. अंगठ्याला नव्हे, कुरडयांना.

"कुरडया नव्हत्या त्या. साबुदाण्याच्या चकल्या होत्या. नीट बघत जा."