रोजचा आकडा, आठवड्याचा हिशेब

वजन कमी करायला निघालेल्या माणसाला सल्ल्यांची वानवा नसते. जिममधला प्रशिक्षक सांगतो, रोज सकाळी काट्यावर उभे राहा. आहारतज्ज्ञ सांगतात, काटा माळ्यावर टाका आणि कपडे सैल होतात का ते पाहा. तिसरे कोणी महिन्याच्या एक तारखेचा मुहूर्त काढून देते. एके काळी हा प्रश्नच नव्हता. वजन पाहायचे ते रेल्वे स्थानकावरच्या रंगीबेरंगी दिव्यांच्या यंत्रावर, नाणे टाकून. जाड कागदाच्या तिकिटावर किलो छापलेले असत आणि सोबत भविष्यही. दोहोंपैकी कशावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. आता हजार रुपयांच्या आत डिजिटल काटा घरी येतो आणि मोबाइलला जोडला की आलेखही काढून देतो. मोजणे इतके सोपे झाल्यावर किती वेळा मोजायचे हे ठरवणे भाग आहे. त्यासाठी काटा नेमके काय मोजतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

काटा चरबी मोजत नाही. तो सगळेच मोजतो: हाडे, स्नायू, रक्त, पोटातले जेवण, आतड्यांत साठलेला मळ आणि मुख्य म्हणजे पाणी. प्रौढ माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते. अर्धा लिटर पाणी प्यायल्यावर लगेच काट्यावर उभे राहिले, तर अर्धा किलो वाढलेला दिसणारच. रात्री झोपेत श्वासावाटे आणि घामावाटे जे बाहेर जाते, त्याने सकाळी तोच आकडा खाली येतो. इटलीतल्या पादुआचे वैद्य सांतोरिओ यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी याचाच छडा लावायचा प्रयत्न केला. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून ते स्वतःचे, खाण्यापिण्याचे आणि मलमूत्राचे वजन वर्षानुवर्षे करत राहिले. त्यांचा ग्रंथ 1614 साली आला. दिवसात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यातले सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसता शरीरातून निघून जाते, असा त्यांचा हिशेब होता. आकडे आज तंतोतंत मानायचे कारण नाही, पण वजन दिवसभर हलत असते हे त्यांना चारशे वर्षांपूर्वी कळले होते.

या हलण्याची कारणे आपल्या ताटातच आहेत. हॉटेलातले खारट जेवण किंवा पापड-लोणच्याचा सढळ हात झाला की शरीर पाणी धरून ठेवते. पाळीच्या आधीचे काही दिवस अनेक स्त्रियांचे वजन पाण्यामुळे वाढते. खूप दिवसांनी कसून व्यायाम केला तरी दुखऱ्या स्नायूंत पाणी साठते, म्हणजे जिमच्या पहिल्याच आठवड्यात आकडा वर जाऊ शकतो. या सगळ्याची बेरीज केली, तर एका दिवसाचा किलो-दीड किलोचा चढउतार निरोगी माणसातही अगदी सामान्य आहे.

उलट दिशेनेही हेच घडते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपात साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात-पोळी एकदम तोडली की हा साठा संपतो, पाणी निघून जाते आणि चार दिवसांत दोन किलो ‘कमी’ होतात. ‘दहा दिवसांत पाच किलो’ या जाहिरातींचे भांडवल हेच पाणी. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. पाच किलो चरबी दहा दिवसांत घालवायची, तर रोज 3,850 कॅलरींची तूट हवी. बैठे काम करणारा माणूस दिवसभरात साधारण दोन ते अडीच हजार कॅलरी खर्च करतो. त्याने दहा दिवस अन्नाचा कण घेतला नाही, तरी हे गणित सुटत नाही.

हेच गणित पुढे नेले की वजन किती वेळा करावे या प्रश्नाचे उत्तर हाती लागते. रोज 500 कॅलरींची तूट राखणे सोपे नाही. ती आठवडाभर नेमाने राखली, तरी घटणारी चरबी अर्ध्या किलोहून थोडी कमीच असते. म्हणजे आठवड्याचा खरा बदल अर्धा किलो आणि रोजचा फसवा चढउतार त्याच्या दुप्पट-तिप्पट. काल आणि आज यांची तुलना निरर्थक ठरते, हे सहज पटते. पण ‘आठवड्यातून एकदाच वजन करा’ हा शहाणपणाचा वाटणारा सल्लाही याच खड्ड्यात पडू शकतो, हे सहसा कोणी सांगत नाही. समजा, एका बाईंचे वजन या रविवारी 72.4 किलो भरले. पुढच्या शनिवारी त्या लग्नाच्या जेवणाला गेल्या आणि रविवारी काट्याने 72.9 दाखवले. आठवडाभराचे पथ्य फुकट गेले असे समजून त्यांनी ते सोडून दिले. त्यांनी रोज वजन लिहून सात दिवसांची सरासरी काढली असती, तर ती आधीच्या आठवड्यापेक्षा कमी झालेली दिसली असती. रोजचा गल्ला पाहून दुकान नफ्यात आहे की तोट्यात हे कळत नाही. पण महिन्याकाठी एकाच दिवशी गल्ला उघडणाऱ्या दुकानदारालाही ते कळणार नाही.

आठवड्याचे वारही सारखे नसतात. 80 प्रौढांच्या रोजच्या वजनाच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात रविवार-सोमवारी वजन वर आणि शुक्रवारकडे जाताना खाली, असा नेमका ताल दिसला. वजन घटवणाऱ्यांत तो अधिक स्पष्ट होता. शनिवार-रविवारी त्यांचेही वजन वाढत होते, पण पुढच्या चार-पाच दिवसांत ते भरून निघत होते. आपल्याकडे तर श्रावणापासून दिवाळीपर्यंत उपास आणि मोदक-करंज्या यांचीच आलटूनपालटून पाळी असते. निर्जळी उपासानंतरच्या सकाळचा आकडा पाहून खूश होण्यात जसा अर्थ नाही, तसा लक्ष्मीपूजनानंतरच्या सकाळचा पाहून खचण्यातही नाही.

वारंवार वजन करण्याने खरोखर फायदा होतो का? अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी 1994 साली एक नोंदवही सुरू केली. किमान 30 पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास वजन घटवून ते निदान वर्षभर टिकवणाऱ्यांची नोंद तिच्यात होते. त्यांच्यापैकी चारातले तिघे आठवड्यातून किमान एकदा वजन करतात, असे आढळले. यावरून काटाच त्यांना तारतो असे म्हणणे घाईचे होईल. ज्यांचे वजन वाढू लागते ते काट्याकडे फिरकेनासे होतात, हेही तितकेच खरे असू शकते. त्यामुळे विंग यांच्याच गटाने केलेली चाचणी अधिक बोलकी आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वजन नुकतेच घटवलेल्या 314 जणांचे तीन गट केले होते. एका गटाला फक्त माहितीपत्रके मिळाली. उरलेल्या दोन गटांना रोज वजन करायला आणि आकड्यानुसार वागायला शिकवले गेले, एकाला इंटरनेटवरून आणि दुसऱ्याला प्रत्यक्ष भेटीत. वजन तीन पौंडांहून कमी वाढले तर हिरवा रंग, तीन पौंड वाढले की पिवळा, पाच पौंडांना लाल. पिवळ्यात कुठे चुकते ते शोधायचे, लाल दिसला की वजन घटवण्याचे पथ्य नव्याने सुरू करायचे. दीड वर्षानंतर 2.3 किलो किंवा त्याहून जास्त वजन परत आलेले लोक माहितीपत्रकांच्या गटात 72 टक्के होते, इंटरनेटच्या गटात 55 आणि प्रत्यक्ष भेटणाऱ्यांच्या गटात 46 टक्के.

या चाचणीतही यश एकट्या काट्याचे नव्हते. आकडा वाढला तर काय करायचे, हे त्या लोकांनी काट्यावर उभे राहण्याआधीच ठरवले होते. आमच्या मते मर्म इथे आहे. आपल्याकडे वजनाची सगळी चर्चा ते कमी कसे करावे यावर संपते. काही वर्षांपूर्वी घराघरांत ‘दीक्षित की दिवेकर’ असा दोन आहारपद्धतींचा वाद रंगला, दोनदाच जेवायचे की दर दोन तासांनी खायचे. दोन्ही बाजूंना कमी झालेल्या किलोंचे दाखले होते. ते किलो तीन वर्षांनी कुठे होते, हे विचारणारे फार थोडे. घटलेले शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करते आणि भूक मात्र वाढवते, त्यामुळे खरी कसोटी नंतरच असते. वजन घटवणारी इंजेक्शने 2025 मध्ये भारतात आली, त्यांचेही हेच. त्यांपैकी सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचे चाचणीत दिसले आहे. वजन घटत असते तेव्हा आरसा आणि शेजारीपाजारीही ते सांगतात. हळूहळू परत येणारे दोन किलो मात्र काट्याशिवाय कोणी वेळेत सांगत नाही. म्हणून उतरताना कधी हयगय झाली तरी चालेल, पण उतरल्यानंतर काटा माळ्यावर जाऊ नये.

तरीही काट्याच्या अधिकाराला मर्यादा आहेत आणि भारतीयांसाठी त्या अधिकच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3 होता. यडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के निघाली, याज्ञिकांच्या शरीरात 21.2. काट्याच्या लेखी हे दोघे सारखेच. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांवर केलेली चाचणी 2006 साली प्रसिद्ध झाली. आहार-व्यायामातल्या बदलांनी मधुमेहाचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला, वजनात मात्र म्हणावी तशी घट नव्हती. ज्यांनी फक्त काटा पाहिला असता, त्यांनी ही फायद्याची वाट मध्येच सोडली असती. महिन्यातून एकदा कमरेला टेप लावायला दोन मिनिटे लागतात. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 ही धोक्याची रेषा मानतात.

काही जणांनी मात्र रोजच्या काट्याच्या वाटेला जाऊच नये. खाण्याशी ज्यांचे नाते आजारासारखे झाले आहे, उपाशी राहणे, खाऊन ओकणे असे प्रकार ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांच्यासाठी रोजचा आकडा त्या आजाराला खतपाणी घालतो. त्यांनी वजन डॉक्टरांकडेच करावे. वाढत्या वयातल्या मुलामुलींचे वजन वाढणेच अपेक्षित असते, त्यांना रोज काट्यावर चढवणाऱ्या पालकांनी हात आवरावा. जिममधल्या आणि कचेऱ्यांमधल्या ‘वेट लॉस चॅलेंज’मध्ये सगळ्यांसमोर वजन करून फळ्यावर लिहिण्याची पद्धत तर बंदच व्हावी. त्यातून निपजते ती स्पर्धेच्या दिवशी पाणी न पिण्याची युक्ती. सकाळचा आकडा पाहून दिवसभराचा मूड किंवा दुपारचे जेवण ठरू लागले, तर धडधाकट माणसानेही काही आठवडे काटा दूर ठेवावा.

हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांसाठी रोजचे वजन हा उपचाराचाच भाग असतो आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. तीन दिवसांत दोन किलो वाढणे म्हणजे त्यांच्या शरीरात पाणी साठत असल्याची खूण. त्यांनी सरासरी काढत न बसता डॉक्टरांना फोन करावा.

बाकीच्या प्रौढांनी, ज्यांना आकड्याचा त्रास होत नाही त्यांनी, रोज वजन करावे. वेळ सकाळची, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी. काटा तोच आणि ठेवलेला फरशीवर, पायपुसण्यावर नव्हे. आकडा लिहून विसरून जावे आणि आठवड्याच्या शेवटी सरासरी पाहावी. ज्यांना रोज बघवत नाही त्यांनी बुधवार-गुरुवारसारखा मधला वार धरावा आणि निष्कर्ष चार नोंदी हाती आल्याशिवाय काढू नये. स्त्रियांनी तुलना करायची तर मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसांशी करावी. दोन किलो परत आले तर काय करायचे, हे मात्र आजच कागदावर लिहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट, जी वजन घटवणाऱ्यांसाठी नाहीच. आपल्याकडे कोणी बारीक झालेला दिसला की ‘काय करतोस रे?’ असे कौतुकाने विचारतात. क्षय आणि मधुमेह या दोन्ही आजारांत वजन न सांगता उतरते, कर्करोगातही. काहीही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे 60 किलोंच्या माणसाचे तीन किलो कमी झाले, तर त्याने अभिनंदन स्वीकारत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.