लोडर वॅगन आणि आपला मुरघास

अलीकडे दुग्धव्यवसाय करणाऱ्या आमच्या तरुण शेतकरी बंधूंच्या तोंडीं ‘लोडर वॅगन’ हें नांव वरचेवर ऐकूं येतें. परदेशांतील गोठ्यांचीं चित्रें पाहून, असा गाडा दारीं असता तर मुरघासाची विवंचना कायमची मिटली असती, असें त्यांस वाटतें. कोणी कर्ज काढून तो आणण्याची भाषाही बोलतात. कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वी या गोष्टीचा शांतपणें विचार व्हावा, म्हणून हा लेख.

हा गाडा म्हणजे काय तें प्रथम पाहूं. जर्मनींतील एर्न्स्ट वायखेल यांनीं सन १९६० च्या सुमारास तो प्रचारांत आणला. तेथें गवत कापून, थोडें सुकवून, शेतांत ओळींनीं पडलेलें असतें. ट्रॅक्टरमागें चालणारा हा गाडा तें दांत्यांनीं उचलतो, सुऱ्यांवर त्याचे तुकडे करितो व आपल्याच पोटांत भरून घेतो. मुरघासाच्या जागीं आला म्हणजे त्याचा सरकता तळ सर्व माल मागें लोटून देतो. उचलणें, कापणें, वाहणें व ओतणें हीं चारही कामें एकटा मनुष्य उरकतो. मजूर दुर्मिळ आणि कुरणें विस्तीर्ण, अशा देशांत त्याचें मोल मोठें आहे यांत संशय नाहीं.

परंतु आपली स्थिति निराळी आहे. आपला मुरघास मुख्यतः मक्याचा. मका उभा असतांनाच कापून त्याची एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करावी लागते. जमिनीवर पडलेलें गवत उचलणाऱ्या गाड्याचें हें काम नव्हे. शिवाय मोठा गाडा ओढावयास आपल्याकडील नेहमींचा ट्रॅक्टर पुरा पडत नाहीं. आणि जमीन? सन २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत सरासरी वहिवाटीचें क्षेत्र १.३४ हेक्टर भरलें. आमची नोकरी महसूल खात्यांत गेली. वांटण्या होऊन गटांच्या फोडी कशा पडतात हें आम्हीं उताऱ्यांवर रोज पाहिलें आहे. अशा तुकड्यांत हा गाडा वळवावयासही जागा मिळणार नाहीं.

मग त्यापासून घेण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे, आणि तें म्हणजे त्वरा. मुरघासाचा मोठा शत्रु हवा. कापणीपासून खड्डा झांकेपर्यंत जितका वेळ जाईल तितका चारा तापतो व त्याचें सत्त्व जळतें. हें आम्ही अनुभवानें शिकलों. पहिल्या वर्षीं आम्हीं विळ्यानें मका कापविला आणि घरच्या कुट्टीयंत्रावर, वीज येईल तेव्हां, कुट्टी केली. खड्डा भरावयास सहा दिवस लागले. पंचेचाळीस दिवसांनीं उघडला, तों वरचा हातभर थर काळा व बुरसलेला निघाला. म्हशींनीं त्याला तोंड लावलें नाहीं. पुढील वर्षीं आम्हीं चार घरें एकत्र झालों. भाड्याचें मका कापणीयंत्र, दोन ट्रॉल्या आणि तुडवावयास एक ट्रॅक्टर एवढ्यावर एकेक खड्डा एकेका दिवसांत भरून, दाबून, झांकून झाला. मका तोच, खड्डाही तोच; वायां मात्र फारसें कांहीं गेलें नाहीं.

हिशेब साधा आहे. चार गाईंस दररोज वीस किलोप्रमाणें चार महिन्यांस ९,६०० किलो मुरघास लागेल. नीट दाबलेला मुरघास एका घनमीटरांत सुमारें ६०० किलो बसतो. म्हणजे १६ घनमीटरांचा खड्डा पुरे. एवढा मका साधारणपणें एक एकरांत होतो. एका एकराच्या कापणीसाठीं स्वतंत्र यंत्र घेऊन तें वर्षभर पडवींत उभें ठेवणें हा व्यवहार नव्हे.

ज्या जर्मनींत हा गाडा निघाला, तेथेंच सन १९५८ मध्यें बव्हेरियांतील बुखहोफेन येथें शेतकऱ्यांनीं यंत्रें आपसांत वापरण्यासाठीं पहिलें मंडळ स्थापिलें. मग आपण केवळ गाड्याकडे पाहावें आणि मंडळाकडे पाहूं नये, हें कसें?

आमची सूचना अशी कीं, प्रत्येक सोसायटीनें एक कापणीयंत्र घ्यावें व त्याचें पाळीपत्रक ठेवावें. कालव्याच्या पाण्याच्या पाळीची आपणांस संवय आहेच. पेरणी आठ-दहा दिवसांच्या अंतरानें करावी, म्हणजे सर्वांचा मका एकाच दिवशीं चिकांत येणार नाहीं. पाळी पिकाची अवस्था पाहून द्यावी, मान पाहून देऊं नये. एकरीं दर आधीं ठरवून फळ्यावर लिहावा. एवढें न पाळल्यास यंत्र पाटलाच्या वाड्यांत राहील आणि लहान शेतकऱ्याचा मका वाळेल, हेंही स्पष्ट सांगितलेलें बरें.

सन २०१३ व सन २०१९ च्या दुष्काळांत चारा छावण्यांच्या नोंदी आमच्या हातून लिहिल्या गेल्या. ज्यांच्या दावणीस कधीं चारा तुटला नाहीं, असे प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या जनावरांचीं नांवें सांगतांना खालीं पाहत, तें आम्हांस अजून आठवतें. चांगल्या सालीं झांकलेला एक खड्डा त्यांतील कित्येकांची ती वेळ टाळूं शकला असता. तेव्हां येत्या खरिपापूर्वींच्या सभेंत सभासदांनीं हा विषय अवश्य काढावा, अशी आमची विनंति आहे.